बुकर टी. अँड द एमजीज

बुकर टी. अँड द एमजीज हा अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरातला चौघांचा बँड, १९६२ साली जमलेला. स्टॅक्स रेकॉर्ड्स या कंपनीचा हा घरचा बँड, म्हणजे ओटिस रेडिंग, सॅम अँड डेव्ह वगैरेंची साठच्या दशकातली जी गाणी लोक आजही सोल म्युझिक म्हणून ऐकतात त्यातल्या बऱ्याच गाण्यांमागे वाजवणारे हात यांचेच. ऑर्गनवर बुकर टी. जोन्स आणि ड्रमवर अल जॅक्सन ज्युनिअर हे कृष्णवर्णीय, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर आणि १९६४-६५ पासून बेसवर डोनाल्ड 'डक' डन हे गोरे. डनच्या आधी बेस वाजवायचा तो लुई स्टाइनबर्ग. क्रॉपर आणि डन शाळेपासूनचे दोस्त.

स्टॅक्सचा स्टुडिओ म्हणजे मॅकलेमोर अव्हेन्यूवरचं एक बंद पडलेलं सिनेमा थिएटर. खुर्च्या काढल्या पण उतरती जमीन तशीच राहिली आणि तिथल्या आवाजाला जो वेगळा घुमार आहे त्यात या उताराचाही वाटा आहे. रेकॉर्डिंगचं मशीन घ्यायला कंपनीच्या एक मालक एस्टेल ॲक्सटन यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं, आणि थिएटरमध्ये जिथं आधी खाऊ विकायचे तिथं त्यांनी रेकॉर्डचं दुकान काढलं. क्रॉपर त्या दुकानात काउंटरवर असायचा आणि शाळकरी बुकर तिथं रेकॉर्ड ऐकायला यायचा, ओळख तिथलीच. 'ग्रीन अनियन्स' ही बँडची गाजलेली धून वाजवली तेव्हा बुकर फक्त १७ वर्षांचा होता, आणि ती धून खरं तर रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूसाठी केलेली.

नोटेशन लिहून समोर ठेवायची पद्धत इथं जवळपास नव्हतीच, एकाने काहीतरी वाजवायचं, बाकीच्यांनी कान देऊन त्यात आपली जागा शोधायची. १९६५ मध्ये गायक विल्सन पिकेटचं 'इन द मिडनाइट अवर' करताना निर्माता जेरी वेक्सलर स्टुडिओत येऊन नाचून दाखवायला लागला की पोरं आता दुसऱ्या ठोक्यावर जोर देऊन नाचतात, ते बघून क्रॉपर आणि जॅक्सनने तो ठोका किंचित उशिरा टाकला, दोघांनी मिळून, अगदी केसभर मागे. पुढे कितीतरी गाण्यांत तो मागे रेललेला ठोका ऐकू येतो, आणि माझ्या मते एकमेकांचा श्वास ओळखल्याशिवाय असं जमत नाही.

बाहेर शहरात मात्र कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांनी एका टेबलावर जेवणं अवघड होतं. लोरेन मोटेल ही त्यांना एकत्र बसता येईल अशा मोजक्या जागांपैकी एक, 'मिडनाइट अवर' पिकेट आणि क्रॉपरने तिथंच लिहिलं. ४ एप्रिल १९६८ ला त्याच मोटेलच्या बाल्कनीत मार्टिन लूथर किंग यांचा खून झाला आणि त्यानंतर स्टॅक्समधलं वातावरण पहिल्यासारखं राहिलं नाही.

त्याच्या चारच महिने आधी, १० डिसेंबर १९६७ ला ओटिस रेडिंग विमान अपघातात गेला होता. त्याचं नुकतंच रेकॉर्ड केलेलं 'डॉक ऑफ द बे' क्रॉपरने दुःखातच पूर्ण केलं, लाटांचा आणि समुद्रपक्ष्यांचा आवाज त्याने नंतर घातलेला. गाणं बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, पहिलं आलं.

बुकर थोड्याच वर्षांत मेम्फिस सोडून गेला, १९७५ मध्ये जॅक्सनचा खून झाला आणि त्याच वर्षी कंपनीचंही दिवाळं निघालं. क्रॉपर-डन जोडी मात्र वाजवत राहिली. १३ मे २०१२ ला टोकियोत डन झोपेतच गेला, आदल्या रात्री दोन शो करून आला होता, सोबत गिटारवर क्रॉपरच होता.