होमस्टेड-नोंदींतून प्रेअरीचा स्थानिक इतिहास

होमस्टेड म्हणजे ठरावीक अटींवर सरकारकडून जवळजवळ फुकट मिळणारी शेतजमीन. कॅनडाच्या मॅनिटोबा, सस्कॅचेवन आणि अल्बर्टा या तीन प्रेअरी (गवताळ सपाटीच्या) प्रांतांत १८७२ च्या डोमिनियन लँड्स ॲक्टनुसार ही वाटणी १९३० पर्यंत चालली. अर्जदाराने १० डॉलर शुल्क भरायचे आणि १६० एकर (सुमारे ६५ हेक्टर) जमिनीवर नाव लावायचे. पुढे तीन वर्षे दरवर्षी किमान सहा महिने तिथे राहायचे, राहण्याजोगे घर बांधायचे आणि ठरलेली जमीन, बहुधा ३० एकरांच्या आसपास, नांगरून वहितीखाली आणायची. एवढे झाले की मालकीची सनद, म्हणजे ‘लेटर्स पेटंट’, मिळे. या व्यवहारातून साठलेले कागद हा तिथल्या खेड्यांच्या, कुटुंबांच्या आणि पहिल्या वसाहतकऱ्यांच्या इतिहासाचा मुख्य आधार आहे.

या दप्तराचे एक वैशिष्ट्य सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे लागते. ते माणसांचे दप्तर नाही, जमिनीचे आहे. फाइल एका पाव सेक्शनची, म्हणजे १६० एकरांच्या एका तुकड्याची, असते. तिथे आधी कोण आले, कोण सोडून गेले आणि शेवटी सनद कोणाला मिळाली, हे सारे बहुधा त्याच फाइलमध्ये सापडते. नुसते नाव घेऊन शोधणारा अडतो. जमिनीचा क्रमांक हाती असलेला पुढे जातो. गट क्रमांक माहीत नसताना तलाठ्याकडे सातबारा मागण्यासारखेच हे आहे.

जमिनीचा पत्ता वाचणे

डोमिनियन मोजणी, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारची जमीनमोजणी, १८७१ मध्ये सुरू झाली. सारी गवताळ सपाटी सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा टाउनशिपांत विभागली गेली. टाउनशिपचे क्रमांक अमेरिकेच्या सीमेपासून, म्हणजे ४९ अंश अक्षांशापासून, उत्तरेकडे वाढत जातात. रेंजचे, म्हणजे टाउनशिपांच्या दक्षिणोत्तर उभ्या पट्ट्यांचे, क्रमांक मुख्य रेखावृत्तापासून (मेरिडियन) पश्चिमेकडे मोजतात. पहिल्या मेरिडियनच्या पूर्वेलाही काही रेंज आहेत. पहिला मेरिडियन विनिपेगच्या किंचित पश्चिमेला, दुसरा १०२ अंश पश्चिमेवर, तिसरा १०६ वर, चौथा ११० वर आणि पाचवा ११४ वर. चौथा मेरिडियन हीच आजची सस्कॅचेवन-अल्बर्टा सीमा आहे.

एका टाउनशिपमध्ये ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. क्रमांक १ आग्नेय कोपऱ्यात असतो. तिथून पश्चिमेकडे ६ पर्यंत, मग एक ओळ वर चढून पूर्वेकडे ७ ते १२, असे नांगराच्या तासांसारखे उलटसुलट जात ३६ ईशान्य कोपऱ्यात येतो. अमेरिकेत क्रमांक १ ईशान्य कोपऱ्यात असतो. दोन्ही देशांचे नकाशे हाताळणाऱ्यांची इथे हमखास चूक होते.

‘एनडब्ल्यू २२-३६-५ डब्ल्यू ३’ असा पत्ता आला तर तो असा वाचायचा: तिसऱ्या मेरिडियनच्या पश्चिमेला पाचवी रेंज, ३६ वी टाउनशिप, २२ वा सेक्शन आणि त्याचा वायव्येकडचा पाव हिस्सा. हे ठिकाण आजच्या सस्कॅटून शहराच्या परिसरात येते. शेवटचा ‘डब्ल्यू ३’ पूर्वी घरगुती कागदांत सर्रास गाळला जाई. तो नसेल तर हाच पत्ता दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या मेरिडियनच्या पश्चिमेलाही लागू पडतो, आणि या जागा एकमेकींपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. अशा वेळी जवळचे रेल्वे स्टेशन, टपाल कार्यालय किंवा शाळा-जिल्ह्याचे नाव पाहून मेरिडियन ठरवावा.

मोजणीची साखळी ६६ फुटांची होती. मुंबई इलाख्यातल्या ३३ फुटी साखळीच्या ती बरोबर दुप्पट. ८० साखळ्यांचा मैल आणि १० चौरस साखळ्यांचा एकर, हे गणित मोजणीदारांच्या वह्या वाचताना हाताशी ठेवावे. या वह्यांत पाणथळ जागा, झाडोरा, मातीचा पोत आणि कधीकधी आधीपासूनच्या पायवाटाही नोंदलेल्या असतात. वसाहतीपूर्वीच्या माळाचे याहून नेमके वर्णन क्वचित मिळते.

सेक्शनचा क्रमांक काय सांगतो

फाइल मागवण्याआधी सेक्शनचा क्रमांक नीट पाहावा. होमस्टेडसाठी मुख्यतः सम क्रमांकांचे सेक्शन खुले होते. त्यांतला ८ वा आणि २६ व्याचा बहुतांश हडसन्स बे कंपनी या जुन्या व्यापारी कंपनीचा. ११ वा आणि २९ वा शाळांच्या निधीसाठी राखलेले. त्यांचा लिलाव होई. विषम सेक्शन बव्हंशी रेल्वे कंपन्यांच्या अनुदानासाठी ठेवले होते. एकट्या कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेला १८८१ च्या करारात २.५ कोटी एकर देण्याचे ठरले. या राखीव पट्ट्यातले उरलेले विषम सेक्शन १९०८ नंतर होमस्टेडसाठी खुले झाले.

म्हणून १८९५ मध्ये सेक्शन १७ वर आलेल्या कुटुंबाची होमस्टेड फाइल सहसा सापडत नाही, कारण ती जमीन त्यांनी विकत घेतलेली असते. तिचा माग रेल्वेच्या जमीनविक्री नोंदींत काढावा. कॅनेडियन पॅसिफिकच्या अशा नोंदी ग्लेनबो संग्रहात आहेत आणि तो संग्रह आता कॅल्गरी विद्यापीठाकडे आहे. सेक्शन ८ असेल तर विनिपेगमधले हडसन्स बे कंपनीचे दप्तर पाहावे. एवढा विचार आधी केला तर कित्येक आठवड्यांची निष्फळ शोधाशोध वाचते.

फाइल कुठे मिळते

१९३० मध्ये नैसर्गिक संपत्तीचा ताबा केंद्राकडून प्रांतांकडे गेला आणि जमिनीच्या फाइलीही वाटल्या गेल्या. सस्कॅचेवनच्या फाइली प्रांतिक अभिलेखागारात आहेत. त्यांची नावनिहाय सूची प्रांताच्या वंशावळी मंडळाने तयार केली असून तीत सनद न मिळालेल्यांचीही नावे आहेत. अल्बर्टाच्या फाइलींची सूक्ष्मचित्रे (मायक्रोफिल्म) एडमंटनला आहेत. त्यांची नावसूची तिथल्या वंशावळी मंडळाने केली आहे. ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ‘वेस्टर्न लँड ग्रँट्स’ ही सूची मात्र फक्त सनदांची आहे. तिथे नाव नाही म्हणजे माणूस आलाच नव्हता, असे मानणे ही नवख्या संशोधकाची सर्वांत सामान्य चूक. अटी पूर्ण न करता गेलेले लोक फार होते.

फाइलमध्ये साधारणपणे मूळ अर्ज, शुल्काची पावती, निरीक्षकाचा अहवाल, पत्रव्यवहार आणि कोणी जमीन सोडली असेल तर हक्कसोडपत्र असते. सर्वांत मोलाचे सनदेसाठी केलेले प्रतिज्ञापत्र. त्यात वय, जन्मदेश, कुटुंबातील माणसे, घर कधी बांधले, त्याची लांबी-रुंदी आणि किंमत, कोणत्या वर्षी किती एकर माळ मोडला व किती पेरला, गुरे-घोडे-डुकरे किती, कुंपण किती, विहीर आहे का आणि अर्जदार किती महिने बाहेर होता, हे सारे विचारलेले असते. सोबत दोन शेजाऱ्यांच्या साक्षी असतात.

ही उत्तरे शपथेवर दिलेली असली तरी ती सनद मिळवण्यासाठी दिलेली आहेत, हे विसरू नये. शेजारी बहुधा एकमेकांचे साक्षीदार असत. म्हणून साक्षीदारांच्या फाइलीही काढाव्यात. तीन-चार फाइली शेजारी ठेवल्या की तारखांतल्या विसंगती तर दिसतातच, पण कोण कोणाबरोबर आले, कोणाची नांगरणी कोणी केली, कोण कोणाचा मेहुणा, हेही उलगडते. एकेकटी फाइल वाचून लिहिलेला स्थानिक इतिहास त्यामुळे अपुरा राहतो. बाहेर राहिलेल्या महिन्यांचा रकानाही नीट वाचावा. हिवाळ्यात रेल्वेवर, खाणीत किंवा लाकूडतोडीला जाऊन मिळालेल्या मजुरीवर पहिली वर्षे निभावल्याच्या खुणा तिथे सापडतात.

नावे, देश आणि तारखा

नावे कारकुनाने ऐकली तशी लिहिली आहेत. युक्रेनी, पोलिश, जर्मन, आइसलँडिक नावांची एकाच फाइलमध्ये तीन-चार रूपे आढळतात. सूचीत आडनावाचे पहिले अक्षर बदलून पाहावे, आडनाव आणि पहिले नाव उलटे करून पाहावे. तेही साधले नाही तर टाउनशिप आणि रेंजवरून तिथली सगळी नावे काढून नजरेखालून घालावीत. हा शेवटचा उपाय वेळखाऊ, पण भरवशाचा. तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात असलेल्या गॅलिशिया आणि बुकोविनातून आलेल्या युक्रेनींचे राष्ट्रीयत्व ‘ऑस्ट्रियन’ किंवा ‘रुथेनियन’ असे मिळते. त्यांच्या चर्चच्या वह्या अनेकदा ज्युलियन पंचांगानुसार आहेत. १९०० नंतरच्या तारखेत १३ दिवस आणि त्याआधीच्या शतकात १२ दिवस मिळवल्याशिवाय त्या सरकारी नोंदीशी जुळत नाहीत.

सस्कॅचेवन आणि अल्बर्टा हे प्रांत १ सप्टेंबर १९०५ रोजी झाले. त्याआधी तिथे नॉर्थ-वेस्ट टेरिटरीजचे जिल्हे होते. जुन्या कागदातला ‘असिनिबोइया’ बहुधा तो जिल्हा असतो, दक्षिण सस्कॅचेवनमधले त्याच नावाचे आजचे गाव नव्हे.

परदेशी अर्जदाराला सनदेआधी ब्रिटिश प्रजाजन व्हावे लागे. १९१७ पूर्वीची मूळ नागरिकत्वपत्रे नष्ट झाली आहेत, उरली आहेत ती सूचीची कार्डे. त्यामुळे होमस्टेड फाइलमधला नागरिकत्वाचा कागद कधीकधी एकमेव तपशीलवार पुरावा ठरतो.

‘रद्द’ या शिक्क्याचाही घाईने अर्थ लावू नये. १८९९ मध्ये रशियातून आलेल्या डुखोबोर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी सामुदायिक मालकीचा आग्रह धरला आणि राजनिष्ठेची शपथ नाकारली. १९०७ मध्ये त्यांच्या बऱ्याच जमिनींच्या नोंदी रद्द झाल्या, तेव्हा त्यांची शेती उत्तम चालू होती. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या गावांत कुटुंबे वस्तीत राहत आणि जमीन मैल-दीड मैलावर असे, म्हणून नोंदीतल्या पाव सेक्शनवर घराची खूण मिळत नाही.

फाइलमध्ये कोण नाही

होमस्टेड १८ वर्षांवरील पुरुषाला मिळे. बाईला फक्त ती कुटुंबप्रमुख असली तर, म्हणजे बहुधा पदरी मुले असलेल्या विधवेला. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने अविवाहित स्त्रीलाही अर्ज करता येई आणि तिथे अट पाच वर्षांची होती. परिणामी कॅनडातल्या फाइलीत बायको ‘पत्नी व चार मुले’ एवढ्यावरच उरते. जिच्या श्रमावर ते घर उभे राहिले, तिचे नाव शोधायला जनगणना, चर्चच्या वह्या आणि शाळेची दप्तरे उघडावी लागतात. १९०६ आणि १९१६ मध्ये फक्त या तीन प्रांतांची जनगणना झाली. तिच्यात नावांबरोबर सेक्शन, टाउनशिप, रेंजही नोंदलेले असल्याने ती फाइलीशी थेट जोडता येते.

आणि ही जमीन मोकळी नव्हती. दक्षिण आणि मध्य प्रेअरीवरील क्री, सोतो, असिनिबोइन, ब्लॅकफूट इत्यादी मूळनिवासी राष्ट्रांशी करार क्रमांक ४ (१८७४), ६ (१८७६) आणि ७ (१८७७) झाल्यावर तिथे वसाहतीची वाट खुली झाली. १८७६ च्या इंडियन ॲक्टने याच लोकांना होमस्टेड घेण्यास मनाई केली. मेटी, म्हणजे मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या, लोकांना ‘स्क्रिप’ नावाची जमिनीची किंवा पैशांची हुंडी दिली गेली. ती बरीचशी दलालांनी स्वस्तात विकत घेतली, म्हणून स्क्रिपवर मिळालेल्या सनदेत मेटी कुटुंबाऐवजी भलतेच नाव दिसते. ‘पहिला रहिवासी’ हा शब्द स्थानिक पुस्तकांत सहज वापरला जातो. करारांची आणि स्क्रिपची कागदपत्रे न पाहता तो वापरू नये.

जोड कागद आणि जागेवरची पाहणी

सनदेनंतर जमिनीचा इतिहास लँड टायटल्स कार्यालयात जातो आणि तिथे गहाणे, जप्ती, वारसा यांची साखळी मिळते, आपल्याकडच्या फेरफारांसारखी. ग्रामीण नगरपालिकेची करवही कोणाचा कर कधी थकला ते सांगते. १९१७ पासून निघालेल्या कमिन्स नकाशांत प्रत्येक पाव सेक्शनवर धारकाचे नाव छापलेले आहे. टपाल कार्यालय अनेकदा एखाद्या शेतकऱ्याच्या घरातच असे आणि तो गेला की ते नावही नकाशावरून जाई. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या पोस्टमास्तर-सूचीत त्याच्या तारखा मिळतात. १९५५ चा प्रांतांचा सुवर्णमहोत्सव आणि १९६७ ची देशाची शताब्दी या निमित्ताने गावोगावी इतिहासग्रंथ निघाले. त्यांतल्या आठवणी मोलाच्या आहेत, तारखा मात्र फाइलीवरून तपासाव्यात. सस्कॅचेवनच्या अभिलेखागाराने १९५० च्या दशकात वृद्ध वसाहतकऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांत जेवण, शाळा, शेती, करमणूक यांची अशी माहिती आहे जी कोणत्याही सरकारी रकान्यात बसली नसती.

शेवटी जागेवर जावे, जमीनमालकाची परवानगी घेऊनच. मुळांसकट काढलेल्या गवताच्या ढेपांची घरे विरघळून गेली आहेत, पण तळघराचा खोलगट खळगा, दगडांची रास, दरवर्षी फुटणारे रूबार्ब, लायलॅकचे झुडूप किंवा कॅरागाना झुडपांची सरळ रांग घराची जागा दाखवते. उन्हे कलती असताना, पेरणीपूर्वी किंवा कापणीनंतर पाहिले तर खळगे स्पष्ट दिसतात. प्रतिज्ञापत्रातली घराची मापे सोबत न्यावीत आणि खळगा फुटपट्टीने मोजावा.