चिंचेने घासलेलं तांबं आणि गॅसपासूनचं अल्कोहोल

गोव्यात सत्तरी तालुक्यात माझ्या मामाची काजूच्या दारूची भट्टी आहे, एप्रिलात गेलो की मला ठरलेलं काम म्हणजे तांब्याचं भाण, म्हणजे रस उकळायचं भांडं, चिंचेने घासायचं. नाही घासलं तर हुर्राकाला, म्हणजे पहिल्या धारेच्या काजूच्या दारूला, वास मारतो असं मामा म्हणतो, आणि त्याचं बरोबरच आहे, कारण रस आंबताना यीस्ट थोडे गंधकाचे पदार्थ सोडतं आणि स्वच्छ तांबं ते धरून ठेवतं. ही तांब्याची खोड लक्षात ठेवा, पुढे नडणार आहे.

तर या दारूसाठी बोंडू, म्हणजे काजूची फळं, लागतात, पण इंधनाचं अल्कोहोल बोंडूशिवायही होतं. नारळाची सोडणं, लाकूड, कोळसा असं काहीही कमी हवेत तापवलं की ते पूर्ण जळत नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन निघतो. या जोडीला सिंथेसिस गॅस म्हणतात, थोडक्यात सिनगॅस. एक भाग कार्बन मोनॉक्साइड, दोन भाग हायड्रोजन, जोडा की झालं मिथेनॉल. कागदावर एवढं सोपं!

पण गॅसला मोकळं सोडलं तर ऊर्जेच्या हिशोबाने त्याला मिथेनच व्हायचं असतं, मिथेनॉल म्हणजे वाटेतलं स्टेशन. गाडी तिथेच थांबवायचं काम कॅटॅलिस्टचं, म्हणजे स्वतः न संपता क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थाचं. 1923 मध्ये जर्मनीत बीएएसएफने झिंक आणि क्रोमियमच्या ऑक्साइडवर हे जमवलं, पण दाब हवेच्या तीनशे पट वगैरे आणि तापमान 300 ते 400 अंश. मग 1966 मध्ये ब्रिटनच्या आयसीआयने तांबं, झिंक ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड) एकत्र करून दाब 50 ते 100 पटीवर आणला, तापमान साधारण 250. आज जगभर थोड्याफार फरकाने तेच चालतं. तांब्याचे कण काही नॅनोमीटरचे असतात, झिंक ऑक्साइड त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतं, कारण ही क्रिया उष्णता सोडते आणि जास्त तापलं की कण चिकटून मोठे होतात नि कामातून जातात.

आता खरी गंमत इथेनॉलची. आपण पेट्रोलमध्ये 20 टक्के मिसळतो ते हेच. त्यात दोन कार्बन जोडायचे, म्हणजे एका कार्बन मोनॉक्साइडचा ऑक्सिजन तोडायचा आणि शेजारच्याला मात्र अख्खंच ठेवून त्यात घुसवायचं. तांबं तोडत नाही, कोबाल्ट तोडतच सुटतं आणि मेणाच्या लांब साखळ्या करून ठेवतं. ऱ्होडियम दोन्ही कामं बऱ्यापैकी करतं, पण ते बहुतेक वेळा सोन्याहून महाग, कारखानाभर कोण घालणार? म्हणून तांबं आणि कोबाल्ट अगदी खेटून बसवायचे प्रयत्न चालतात, एकाने तोडायचं, दुसऱ्याने अख्खं पुरवायचं. खेटून हा शब्द महत्त्वाचा, जरा लांब गेले की दोघं आपापला धंदा करतात. हातात येते ती खिचडी: मिथेनॉल, इथेनॉल, प्रोपेनॉल, वर मिथेन फुकट.

आणि आता ती खोड. गोव्यातल्याच साळगावच्या कचरा प्रकल्पात बायोगॅस होतो, त्यात मुख्यतः मिथेन, त्यावर वीज करतात. असल्या मिथेनपासून निकेलवर वाफेने सिनगॅस करता येतो, पण बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो, तोच सडक्या अंड्याचा वास. भाणात तांब्याने गंधक धरलं तर आपला फायदा, रिअ‍ॅक्टरमध्ये धरलं की कॅटॅलिस्ट मेलाच, आणि तिथे आत शिरून चिंच लावता येत नाही. निकेलचंही तेच दुखणं. म्हणून गॅस आधीच झिंक ऑक्साइडच्या थरातून नेऊन गंधक काढावं लागतं, दहा लाखात एक भागसुद्धा जास्तच होतो.

मला सगळ्यात आवडतो तो कॅटॅलिस्ट म्हणजे मॉलिब्डेनम सल्फाइड. हा मुळातच गंधकाचा, त्याला गंधकाची भीती नाही, उलट गॅसमध्ये थोडं नसेल तर त्याचं स्वतःचंच गंधक निघून जातं. थोडं पोटॅशियम लावलं की तो मिश्र अल्कोहोलं देतो. पण दाब जास्त लागतो, वेग कमी, आणि मालाला थोडा गंधकाचा वास राहतो.

मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे न घासता चालणारं भाण, पण हुर्राक वासाचा? नको रे बाबा." आणि चिंचेचा गोळा परत माझ्या हातात दिला.