सामाईक विहीर आणि प्रोसेसची मेमरी

तासगावकडच्या चार भावांची एक सामाईक विहीर आहे असं धरा. प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारलं, "विहीर आहे का?" तर चौघंही "आहे की" म्हणतील, आणि खोटं कुणीच बोललेलं नसेल. पण एवढ्यावरून शिवारात चार विहिरी मांडल्या तर हिशेब चुकला. लिनक्सवर प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, मेमरी मोजताना हीच चूक होते.

सांगलीत विश्रामबागला एका छोट्या ऑफिसच्या सर्व्हरवर मीही ती केली. चालू प्रोसेसची यादी दाखवणारी 'पीएस' कमांड देऊन डेटाबेसच्या सगळ्या प्रोसेसचे आकडे काढले, बेरीज केली, तर ती मशीनमधल्या रॅमच्याही वर गेली. मशीन मात्र सुरळीत चालू होतं.

'पीएस' दोन आकडे देतं. व्हीएसझेड म्हणजे प्रोसेसच्या नावावरची एकूण जागा, सातबाऱ्यावरचं क्षेत्र. त्यातलं पेरलेलं किती, ते कळत नाही. प्रोसेसनं जागा मागितली तरी लिनक्स खरी रॅम हात लागेल तेव्हाच देतो, एकेक पान, म्हणजे ठरावीक मापाचा तुकडा, करून. आपल्या नेहमीच्या पीसीवर हे पान ४ केबीचं असतं. आरएसएस म्हणजे प्रत्यक्ष पेरा, खरोखर रॅममध्ये असलेली पानं. पण सामाईक विहीर त्यात प्रत्येकाच्या नावावर पूर्ण चढते: बहुतेक प्रोग्राम वापरतात ती सी लायब्ररी, पोस्टग्रेस या डेटाबेसचे शेअर्ड बफर (सामाईक साठा), फोर्क झाल्यावर, म्हणजे एका प्रोसेसची दुसरी प्रत निघाल्यावर, कुणीच न बदललेली पानं.

२००८ साली लिनक्स २.६.२५ मध्ये पीएसएस हा आणखी एक आकडा आला आणि वाटणी नीट झाली. जे पान जितक्या प्रोसेस वापरतात, तितके त्याचे वाटे. समजा चार प्रोसेसकडे प्रत्येकी स्वतःचे १० एमबी आणि चौघींत सामाईक १२ एमबी आहेत. आरएसएसची बेरीज ८८ एमबी. पीएसएस प्रत्येकी १३, बेरीज ५२, आणि रॅममध्ये खरोखर तेवढीच जागा अडलेली असते. हा आकडा प्रत्येक प्रोसेसच्या 'एसमॅप्स' फाइलमध्ये मिळतो. 'स्मेम' नावाचं टूल तो तक्त्यात मांडून देतं. दुसऱ्या युजरच्या प्रोसेस बघायला रूटचे, म्हणजे मुख्य ॲडमिनचे, अधिकार लागतात. शिवाय कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पान न् पान तपासावं लागतं, म्हणून मोजायला वेळ लागतो. चालू प्रोसेस सतत दाखवणारी 'टॉप' कमांड एरवी आरएसएसच दाखवते, तो मोजायला स्वस्त म्हणून.

एखादी प्रोसेस बंद केली तर किती रॅम सुटेल? तिथे यूएसएस बघायचा, म्हणजे फक्त तिची स्वतःची पानं. वरच्या उदाहरणात १० एमबी सुटतात. विहीर जागेवरच राहते, वाटेकरी तीन उरतात, आणि उरलेल्या प्रत्येकीचा पीएसएस १३ वरून १४ होतो, तिनं एकही नवं पान मागितलेलं नसताना.