पुण्यात बेघर निवाऱ्यापासून घरकुलापर्यंत: कोणतं कार्यालय काय करतं आणि अर्ज कुठे अडतो

निवारा केंद्रात राहायला आधार कार्ड लागत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण फरपट इथूनच सुरू होते. केंद्रावरचा काळजीवाहक आधार मागतो, आधार केंद्रावरचा माणूस पत्त्याचा पुरावा मागतो, आणि पत्ता नाही म्हणून तर हा माणूस निवाऱ्याच्या दारात उभा असतो. शहरी बेघरांसाठीचा निवारा हा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून आलेला कार्यक्रम आहे. त्यात बेघराला ओळखपत्र मिळवून देणं हे निवाऱ्याचं काम मानलं आहे, ती प्रवेशाची अट नाही. म्हणून क्रम असा धरा: आधी निवारा, मग कागद, मग रेशन आणि पेन्शन, सगळ्यात शेवटी घर. उलट्या बाजूने सुरुवात केली की प्रत्येक खिडकीवरून परत पाठवतात, आणि प्रत्येक खिडकी आपल्या जागी नियमानेच वागत असते.

हद्द आणि खाती

पुणे महापालिकेत निवारा केंद्रांचं काम समाज विकास विभागाकडे आहे. रोजचं चालवणं नेमलेल्या संस्थेकडे असतं. शहरात १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. जवळचं केंद्र कोणतं, ते पुरुषांचं की महिलांचं, जागा आहे का, हे तिथे किंवा महापालिकेच्या १८०० १०३ ०२२२ या मोफत क्रमांकावर विचारा. पिंपरी-चिंचवड ही वेगळी महापालिका आहे. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटचा कारभारही वेगळा. स्टेशनच्या फलाटावर रेल्वे पोलीस, स्वारगेटच्या आवारात एसटी महामंडळ, बाहेरच्या पदपथावर महापालिका. फोन केल्यावर ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर येतं ते यामुळे. त्यामुळे नुसतं ‘स्टेशनजवळ’ सांगू नका. कोणत्या बाजूचा पदपथ, कोणत्या दुकानासमोर, माणूस चालू शकतो का, आणि त्याची यायची तयारी आहे का, हे सांगा.

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. निवारा केंद्रात जबरदस्तीने कुणाला नेता येत नाही. रस्त्यावरची माणसं न्यायला आलेली गाडी दिसली की पळतात, कारण १९५९ च्या भीक प्रतिबंध कायद्याखाली पकडून न्यायालयाच्या आदेशाने भिक्षेकरी गृहात ठेवलं जातं, हे त्यांना पक्कं माहीत असतं. भिक्षेकरी गृह आणि निवारा केंद्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवाऱ्यातून माणूस सकाळी कामाला जाऊ शकतो, कायमचा निघूनही जाऊ शकतो. हे त्याला समजावून सांगितल्याशिवाय गाडी बोलावू नका.

काही जणांचा रस्ता निवारा केंद्राकडे जातच नाही. एकटं सापडलेलं १८ वर्षांखालचं मूल असेल तर १०९८ वर कळवा. त्याला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. घरातून मारहाण करून काढलेल्या बाईसाठी १८१ हा क्रमांक आणि अत्याचारग्रस्त महिलांना मदत करणारं सखी केंद्र आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७. जखमी किंवा तापाने फणफणलेल्या माणसासाठी आधी १०८. पुरात घर गेलेल्यांची व्यवस्था आपत्ती व्यवस्थापनातून होते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तशा वेळी पंचनामा हाच मुख्य कागद असतो. तो झाल्याची खात्री करा.

मानसिक आजार असलेल्या, भटकणाऱ्या माणसाच्या बाबतीत सगळेच हात झटकतात. केंद्र म्हणतं आम्ही सांभाळू शकत नाही, पोलीस म्हणतात गुन्हा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १०० स्पष्ट आहे: अशा माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीला नेणं ही पोलीस ठाण्याच्या प्रमुखाची जबाबदारी आहे, कोठडीत ठेवता येत नाही. माणूस बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा, हेही त्याच कलमात आहे. पुण्यात येरवड्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पण कुणाही नागरिकाने रिक्षात घालून तिथे नेऊन सोडणं ही पद्धत नव्हे. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, कलमाचा उल्लेख करा आणि पोच घ्या.

केंद्रातला प्रवेश

नाव, अंदाजे वय, मूळ गाव, फोटो, अंगठा किंवा सही. एवढ्यावर नोंद होते. अभियानाच्या निकषानुसार माणशी किमान ५० चौरस फूट जागा, अंथरूण, पाणी, न्हाणीघर, शौचालय, सामानासाठी लॉकर, प्रथमोपचार पेटी अपेक्षित आहे, आणि केंद्र दिवसरात्र उघडं हवं. ‘फक्त रात्री नऊ ते सकाळी सात’ अशी पाटी दिसली तर समाज विकास विभागाला विचारा. रात्रपाळीचा हमाल किंवा वॉचमन दिवसा झोपणार कुठे?

नकार मिळतो तो बहुधा तीन कारणांनी. पहिलं, नवरा-बायको एकत्र राहायला मागतात आणि केंद्र एकट्या पुरुषांचं किंवा एकट्या महिलांचं असतं. कुटुंबाला कुटुंबाचं केंद्र विचारा. वेगळं राहायला तयार नसलेलं जोडपं हट्टी असतं असं नाही. पदपथावर पाठीशी माणूस असणं हीच बाईची सुरक्षितता असते. दुसरं, दारू पिऊन आलेला माणूस. त्या रात्री घेत नाहीत, दुसऱ्या दिवशी घेतात. तिसरं, आजारपण. ससूनमधून सुटी झालेला पण अंथरुणाला खिळलेला किंवा लघवीची नळी लावलेला रुग्ण केंद्रात सांभाळता येत नाही, तिथे परिचारिका नसते. अशा वेळी सुटी होण्याच्या आधी वॉर्डातल्या समाजसेवा अधीक्षकांना गाठा. डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर त्यांचाही इलाज चालत नाही. त्या कार्डावर ‘स्वतः चालू शकतो, संसर्गजन्य आजार नाही’ असं डॉक्टरांनी लिहून दिलं तर केंद्र अडवत नाही.

स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना स्वस्त मुक्काम म्हणून ही केंद्रं नाहीत. तशी विचारणा पुण्यात नेहमी होते.

आधार: बहुतेक अर्ज इथे मरतात

सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न: पूर्वी कधी आधार काढलं होतं का? ‘हरवलं’ हे उत्तर आलं तर नवीन नोंदणी करू नका. नवीन नोंदणी केली की बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळतात, अर्ज दुबार म्हणून फेटाळला जातो, आणि मधले महिने वाया जातात. माणूस मात्र पावती जपून ठेवून वाट बघत बसतो. त्याऐवजी आधार सेवा केंद्रात जाऊन ठशांवरून जुना क्रमांक शोधायला सांगा. नाव, जन्मवर्ष, कार्ड काढलं तेव्हाचा जिल्हा किंवा पिनकोड, जे आठवेल ते लिहून न्या. सिमेंट, विटा, भांडी यांत हात झिजलेल्यांचे अंगठे यंत्र घेत नाही. तेव्हा डोळ्यांवरून शोधा असा आग्रह धरा. ‘अंगठा येत नाही’ एवढ्यावर परत येऊ नका.

खरोखर कधीच काढलं नसेल तर आधार प्राधिकरणाच्या ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. मान्यताप्राप्त निवारागृहाचे अधीक्षक किंवा संस्थाप्रमुख ते देऊ शकतात. नगरसेवक, आमदार, खासदार, तहसीलदार, गट-अ राजपत्रित अधिकारीही देऊ शकतात. संस्थेने मनाने लिहिलेलं ‘सदर इसम आमच्याकडे राहतो’ हे पत्र चालत नाही. नमुना तोच हवा, खाडाखोड नको, रकाना रिकामा नको, फोटोवर सही आणि शिक्का असे पडले पाहिजेत की अर्धे फोटोवर, अर्धे कागदावर. फक्त कागदावर शिक्का मारलेली प्रमाणपत्रं रोज परत येतात.

हे प्रमाणपत्र दिल्याच्या तारखेपासून तीन महिने चालतं. ही मुदत आधार हातात पडण्याची आहे असं समजून लोक घाबरतात. ती केवळ नोंदणी करण्याची मुदत आहे. नोंदणीनंतर १८ वर्षांवरच्या नव्या अर्जाची राज्य सरकारमार्फत पडताळणी होते आणि त्याला १८० दिवसांपर्यंत लागू शकतात. तेवढ्या काळात पडताळणीला कुणी आलं आणि ‘असा माणूस इथे नाही’ म्हणून सांगितलं तर अर्ज गेला. केंद्र सोडायचं असेल तर व्यवस्थापकाला पुढचा ठिकाणा सांगून जा. प्रौढांची नवी नोंदणी सगळ्या आधार केंद्रांवर होत नाही, निघण्यापूर्वी विचारून घ्या.

मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्या. काळजीवाहकाचा, मुकादमाचा किंवा एजंटाचा क्रमांक जोडला की पुढचे सगळे ओटीपी त्याच्या हातात जातात. स्वतःचा नसेल तर रकाना सोडा, नंतर जोडता येतो.

रेशन, मतदान, पेन्शन

गावाकडे रेशन कार्ड असेल तर पुण्यात नवीन काढायची गरज नाही. ‘एक देश एक रेशन कार्ड’मध्ये कुठल्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचं धान्य उचलता येतं, आणि उरलेलं कुटुंब गावात आपलं उचलू शकतं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. दुकानदार ‘बाहेरचं कार्ड चालत नाही’ म्हणाला तर रेशनच्या परिमंडळ कार्यालयात तक्रार द्या. बहुधा कार्ड चालतं, ई-केवायसी म्हणजे आधारवरून ओळख पटवणं राहिलेलं असतं.

मतदार नोंदणीत तर पत्त्याचा कागदच लागत नाही. नमुना ६ मध्ये झोपण्याची जागा लिहायची; मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकाहून अधिक रात्री येऊन खात्री करतो. मुलांची शाळाही दाखल्याअभावी अडत नाही, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायला शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे.

संजय गांधी निराधार योजना ६५ वर्षांखालच्यांसाठी, श्रावणबाळ ६५ आणि वरच्यांसाठी. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत. वयाचा कागद नसेल तर सरकारी रुग्णालयाचा वयाचा दाखला चालतो. अडतो तो १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा. जुनं मतदार यादीतलं नाव, मुलाचा शाळेचा दाखला, दवाखान्याचा जुना केसपेपर, गावच्या रेशन कार्डावरचं नाव, जे मिळेल ते जोडा. दुसरी अडचण उत्पन्नाची. सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे, आणि लोक अभिमानाने महिन्याला आठ हजार मिळतात असं सांगतात. खोटं लिहू नका, पण महिन्यातून सहा दिवस काम लागत असेल तर सहाच दिवसांचे पैसे सांगा. दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा मुद्रांक आता लागत नाही. तहसीलबाहेरच्या टेबलावर तो अजून विकला जातो.

घर

झोपडपट्टी पुनर्वसनाचा हक्क झोपडीला जोडलेला आहे. १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असेल तर विनामूल्य, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर सशुल्क. पदपथावर वीस वर्षं झोपलेल्या माणसाकडे झोपडीच नसते, म्हणून तो या यादीत बसत नाही. ‘सर्वेक्षणात नाव घालतो’ म्हणून पैसे मागणारे भेटतात. देऊ नका.

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्नाचं कुटुंब बसतं. देशात कुठेही पक्कं घर नसावं आणि गेल्या २० वर्षांत कोणत्याही घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. ‘गावाला भावाचं घर आहे’ म्हणून लोक आपणहून माघार घेतात. इथे कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. भावाचं घर त्यात येत नाही. मात्र घर फुकट नसतं. सरकारी किंवा खासगी संस्थांच्या भागीदारीत बांधलेल्या घरांना केंद्र आणि राज्याचं मिळून अडीच लाखांचं अनुदान वजा जाता उरलेली रक्कम स्वतः भरावी लागते, आणि पगाराची पावती नसलेल्याला बँक सहजी कर्ज देत नाही. त्यामुळे निवाऱ्यातून निघणाऱ्यांनी याच योजनेतला परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा घटक विचारावा. त्यात शहरी बेघर आणि निराधारांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हाडाच्या सोडतीला अधिवास दाखला लागतो, तिथे पुन्हा तोच १५ वर्षांचा पुरावा.

कुठल्याही खिडकीवर नकार मिळाला तर तो लेखी मागा. तोंडी नकाराची कुठेही नोंद होत नाही. उत्पन्न किंवा अधिवासासारख्या अधिसूचित दाखल्यांचा अर्ज फेटाळला तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. हे ३० दिवस नकार मिळाल्यापासून मोजतात, अर्ज दिल्यापासून नाही. अपील लिहायला कुणी नसेल तर शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात पात्र अर्जदाराला मोफत वकील मिळतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना तिथे उत्पन्नाची अट नाही.