पोर्तुगीज काळातलं पिस्तूल: जपावं की चालवावं?

घरातला परवानाधारक माणूस गेला की बाराव्यानंतर कधीतरी कपाट उघडलं जातं आणि तेलकट फडक्यातलं पिस्तूल बाहेर येतं. डिचोली, सत्तरी, फोंड्याकडे पिकाच्या राखणीच्या बंदुका कितीतरी घरांत आहेत. पिस्तूल मात्र क्वचित. ते निघालं की घरात दोन तट पडतात. एकाला ते आजोबांची आठवण म्हणून जसंच्या तसं हवं असतं, दुसऱ्याला रेंजवर नेऊन निदान एकदा चालवून बघायचं असतं. दोघांच्याही वादाचा निकाल त्या पिस्तुलाच्या वंशावळीतच लागतो, आणि गोव्यातली वंशावळ मुंबई-पुण्यापेक्षा निराळी आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानातल्या अधिकाऱ्याच्या कमरेला बहुधा वेब्ली रिव्हॉल्व्हर असे. पोर्तुगालने मात्र लवकरच स्वयंभरण, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या, पिस्तुलाची वाट धरली. जर्मनीत बोरखार्टचं पिस्तूल १८९३ साली आलं, त्यातून गेऑर्ग लुगरने आपलं पिस्तूल घडवलं, आणि पोर्तुगीज सैन्याने ते एम/९०९ या नावाने स्वीकारलं. तेव्हा गादीवर दुसरा मानुएल होता. फेब्रुवारी १९०८ मध्ये वडील आणि थोरला भाऊ एकाच हल्ल्यात मारले गेले म्हणून हा कोवळा मुलगा राजा झाला आणि ५ ऑक्टोबर १९१० ला राजेशाहीच संपली. त्या जेमतेम पावणेतीन वर्षांची खूण या पिस्तुलाच्या माथ्यावर आहे: मुकुट आणि त्याखाली एम व २ ही गुंफलेली अक्षरं. काडतूस आत असलं की वर उचलल्या जाणाऱ्या पट्टीवर ‘कारेगादा’, म्हणजे ‘भरलेलं’, असं कोरलेलं असतं. आरमाराच्या पिस्तुलांवर नांगर असे. आधी त्यावर मुकुट होता, प्रजासत्ताक आल्यावर मुकुटाच्या जागी आर. पी. ही अक्षरं आली. बोटभर लोखंडावर एका देशाचं सत्तांतर असं वाचता येतं.

पुढे पहिलं महायुद्ध पेटलं. जर्मनीकडून माल मिळेना, आणि मार्च १९१६ मध्ये तर जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्धच पुकारलं. या काळात अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीची पिस्तुलं घेतली गेली. पोर्तुगीज दप्तरी त्यांची नावं एम/९०८ आणि एम/९१५. सॅव्हेजच्याच मोठ्या, .४५ च्या पिस्तुलाने अमेरिकन सैन्याच्या चाचण्यांत कोल्टशी शेवटपर्यंत झुंज दिली होती. १९११ साली कोल्ट जिंकलं. पोर्तुगालने घेतलेलं हे धाकटं भावंड. मुठीत दहा काडतुसं मावतात, आणि अख्ख्या यंत्रात एकही स्क्रू नाही. मुठीच्या काळ्या पट्ट्यासुद्धा नुसत्या खाचेत दाबून बसवलेल्या. स्क्रू सापडत नाही म्हणून कुणीतरी चाकूचं टोक घालून पट्टी उचकटतो आणि शंभर वर्षांचं कडक रबर कडकन तुटतं. पट्टी शाबूत असलेलं सॅव्हेज हातात आलं तर आधीच्या मालकाला मनापासून धन्यवाद द्यावेत.

गोव्यातला सर्वांत मोठा घोळ ‘७.६५’ या आकड्याचा आहे. सैन्याच्या लुगरचं काडतूसही ७.६५ आणि सॅव्हेजचंही ७.६५, पण लुगरच्या काडतुसाची पितळी नळी २१ मिलिमीटरची आणि मानेशी निमुळती, तर सॅव्हेजची १७ मिलिमीटरची आणि सरळ. हे दुसरं म्हणजे आपल्याकडचं .३२ पिस्तूल काडतूस. त्यातही .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस तिसरंच. तेव्हा जुन्या कागदावरचा आकडा वाचून काडतूस मागायला जाऊ नये. पिस्तूल जाणकार, परवानाधारक दुरुस्तीवाल्याला दाखवून खात्री करावी.

मुक्तीनंतर गोव्यात भारताचा १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि या पिस्तुलांचं भवितव्य काडतुसावर ठरू लागलं. .३२ सामान्य परवान्यात बसतं. ९ मिलिमीटर पॅराबेलम हे काडतूस मात्र प्रतिबंधित बोअरचं, म्हणजे सामान्य परवान्यात न बसणाऱ्या नळीव्यासाचं आहे, त्याला केंद्र सरकारची खास परवानगी लागते. पोर्तुगालने १९४३ साली घेतलेली लुगर याच ९ मिलिमीटरची. जुन्या लुगरला नंतर ९ ची नळी बसवलेलीही आढळते. बाहेरून काही कळत नाही, कायद्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे आठवणीचं पिस्तूल ठेवायचं तर राखणीची एखादी बंदूक सोडावी लागेल का, हा हिशेबही घरात करावा लागतो. वारसाच्या नावे परवाना होईपर्यंत शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवावं. परवाना टाळण्यासाठी घरीच नळीला भोक पाडणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, असं करू नका. त्याने कायदेशीर सुटका होईलच असं नाही, पिस्तूल मात्र कायमचं जातं.

माझं मत सरळ आहे. मुकुटाची, नांगराची किंवा गार्दा नासियोनाल या पोर्तुगीज निमलष्करी दलाची खूण असलेलं पिस्तूल चालवू नये. लुगरच्या बारीकसारीक भागांवरसुद्धा क्रमांकाचे शेवटचे आकडे ठोकलेले असतात. ते सगळे जुळत असतील तर किंमत त्या जुळण्यातच आहे. रेंजवर एक भाग तुटला आणि दुसऱ्या पिस्तुलाचा बसवला की ते जुळणं संपलं. पुन्हा काळं पॉलिशही करू नये. जुन्या लुगरचा चाप आणि सेफ्टी गवती पिवळ्या रंगाची असते. पोलादाला आच देऊन आणलेला तो रंग पॉलिशवाला पाच मिनिटांत घालवतो.

खूण नसलेलं, साधं बाजारी .३२ असेल आणि नळी आतून स्वच्छ असेल तर स्प्रिंगा बदलून, तपासून, नव्या काडतुसांनी थोडंसं चालवायला माझी हरकत नाही. त्याला अपवाद पहिल्या महायुद्धात स्पेनच्या एबारमध्ये घाईघाईने झालेल्या पिस्तुलांचा. कारखान्यागणिक पोलाद वेगळं, एकाचं मॅगझिन दुसऱ्याला बसेलच असं नाही. ती कपाटातच बरी.

आणि गोव्याचा पाऊस. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यातून नळीत क्षार उरतो, तो ओल ओढतो आणि नुसत्या तेलाने निघत नाही. आधी गरम पाण्याने नळी धुऊन, खडखडीत वाळवून मगच तेल द्यावं लागतं. चामड्याच्या म्यानात तर पिस्तूल कधीच ठेवू नये, चामडं कमावतानाचे क्षार जूनपासून पोलाद खायला लागतात. म्यान वेगळं ठेवा, पण टाकू नका. पोर्तुगीज काळातला परवान्याचा कागद असेल तर तोही त्याच्याजवळच राहू द्या. सरकारी खुणेचं पिस्तूल या घरात कसं आलं, हे त्याच कागदावर लिहिलेलं असेल.