पाण्यातलं तांबं आणि दगडातलं तांबं

समुद्री मासे पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तांबं गेलं की सल्ला ठरलेला असतो: पाणी बदला, कार्बन (गाळणीचा कोळसा) घाला, तांब्याची टेस्ट शून्यावर आली की झालं. पाण्यात विरघळलेल्या तांब्यापुरतं ते खरंच आहे. टाकीतल्या दगडात मुरलेल्या तांब्याचं तसं नसतं, आणि या दोहोंची गल्लत झाली की कोळंब्या मरतात.

पाण्यातलं तांबं हिशेबात बसतं. निम्मं पाणी तीनदा बदललं की आठवा हिस्सा उरतो. तो चांगल्या कार्बनने किंवा तांबं पकडणाऱ्या रेझिनने निघतो. आलं कुठून तेही शोधता येतं. पाइपवरची पितळी क्लिप, माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरचं औषध, नाहीतर समुद्राचं पाणीच. गोव्यातल्या मालीमसारख्या मासेमारी जेटीजवळ कॅन भरू नका. ट्रॉलरच्या तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून जो रंग लावतात, त्यात बहुतेकदा तांबं असतं.

दगडाचं दुखणं वेगळं. टाकीत ठेवतात तो लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू वस्तीला असलेला भोकाभोकांचा समुद्री दगड, ही चुनखडीच. औषध घातल्यावर पाण्यातलं तांबं उतरत जातं, तेव्हा ते नाहीसं होत नाही, बरंचसं दगड आणि वाळू ओढून घेतात. पुढे तेच थोडं थोडं पाण्यात परत येतं, पीएच घसरला तर जास्तच.

म्हापशात मी एक जुनी टाकी दगडांसकट विकत घेतली होती. तीन दिवस टेस्ट शून्य. चौथ्या दिवशी क्लीनर कोळंबी सोडली. सकाळी ती कुशीवर पडून पाय झाडत होती, हर्मिट खेकडा शंख टाकून बाहेर आला होता, आणि शेजारी क्लाउनफिश मजेत पोहत होता. मासे ठीक आणि कोळंब्या आडव्या, असं दिसलं की आधी तांब्याचा संशय घ्या. साध्या तांब्याच्या औषधाचा डोस लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, मासे तो सोसतात, कोळंबीला त्याचा अंशही पुरतो. काही किटच्या रंगपट्टीवर तर शून्यानंतरचा रंग थेट ०.२५चा! (खेकडे-कोळंब्यांच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं तांबंच असतं, हे कळल्यावर मला फार हळहळ वाटली.)

आता मी संशयित दगड स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या बादलीत ठेवतो, छोटा पंप लावतो आणि पॉलिफिल्टरचं, म्हणजे तांबं शोषून रंग बदलणारं, पांढरं पॅड सोडतो. पॅडवर निळसर झाक आली, न्हाणीतल्या भाणीच्या (पाणी तापवायच्या तांब्याच्या भांड्याच्या) काठावर धरते तशी, की तो दगड कोळंबीच्या टाकीतून बाद. भाण भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सोलांनी घासली की लख्ख होते. दगडाचा मात्र आंबट पाण्याने वरचा थर तेवढा निघतो, भोकाभोकांतलं तांबं तिथंच राहतं. माझे म्हापशाचे दगड आता आजारी माशांच्या टाकीत आहेत.