देवाचे राज्य

देवाचे राज्य : ख्रिस्ती धर्मशास्त्रातील मध्यवर्ती संकल्पना. येशूच्या शिकवणीचा गाभा हाच, याविषयी अभ्यासकांत फारसे दुमत नाही. वाद आहे तो हे राज्य म्हणजे नेमके काय आणि ते कधीचे, यावर. मार्ककृत शुभवर्तमानात (बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एक) येशूचे पहिलेच बोल ‘देवाचे राज्य जवळ आले आहे’ असे आहेत (१:१५). मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘दाराशी आले’ असा घ्यायचा की ‘येऊन ठेपले’ असा, यावर आजही एकमत नाही.

ग्रीक ‘बासिलेया’ आणि त्यामागचा अरामी ‘मलकूता’ या शब्दांत राजाची सत्ता, त्याचे राज्य करणे हा अर्थ आधी येतो, मुलूख मागून. मराठी ‘राज्य’ शब्दात दोन्ही अर्थ नांदतात, त्यामुळे भाषांतर सोपे झाले, पण नकाशावर दाखवता येईल असा प्रदेशही वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा राहू लागला. प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझे राज्य येवो’ याला लागूनच ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असे येते. पहिल्या ओळीचा याहून चांगला अर्थ टीकाकारांनाही सांगता आलेला नाही. गोव्याच्या कोंकणी प्रार्थनेत ही ओळ पोर्तुगीज वळणाने ‘तुजें राज आमकां येंव’ अशी आहे. दुसरा शुभवर्तमानकार मत्तय बहुधा ‘स्वर्गाचे राज्य’ म्हणतो. देवाचे नाव उच्चारणे टाळण्याचा यहुदी संकेत हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण. पण तोच मत्तय चार-पाच ठिकाणी ‘देवाचे राज्य’ही लिहितो, त्यामुळे ते पुरे पडत नाही. मेल्यावर जायचे ठिकाण हा अर्थ मात्र यातून निघत नाही, मग लोकांच्या मनात तो कितीही घट्ट बसलेला असो.

‘परमेश्वर राज्य करतो’ हा स्तोत्रसंहितेतला, म्हणजे यहुद्यांच्या प्राचीन स्तोत्रसंग्रहातला, जुना घोष (९३, ९७, ९९). प्रत्यक्षात इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडल्यानंतर बाबेल, इराण, ग्रीक आणि रोम असे एकामागून एक धनी यहुद्यांच्या वाट्याला आले. दानीएलच्या ग्रंथात या साम्राज्यांचा चुराडा करून कधीच न मोडणारे राज्य देव उभारील, असे आश्वासन आहे (२:४४). गालीलातल्या शेतकऱ्याने ‘देवाचे राज्य’ हे शब्द ऐकले, तेव्हा त्याला रोमचा कर आठवला नसेल हे संभवत नाही. येशूला क्रुसाची शिक्षा देणारा रोमन सुभेदार पिलात यालाही ते तसेच ऐकू आले असावे. क्रुसावरच्या पाटीवर आरोप लिहिला होता तो ‘यहुद्यांचा राजा’ हाच.

येशूने राज्याची व्याख्या कुठेच केली नाही, दृष्टांत सांगितले. यहेज्केल या जुन्या संदेष्ट्याने इस्राएलच्या भवितव्याला उंच पर्वतावरच्या गंधसरूची उपमा दिली होती: त्याच्या छायेत सगळे पक्षी घरटी करतील (१७:२२-२३). येशू पक्षी तेच ठेवतो, झाड बदलतो. गंधसरूच्या जागी मोहरी, फोडणीत तडतडते तीच. फार तर दोन-तीन मीटर वाढणारे, दुसऱ्या वर्षी वाळून गेलेले झुडूप. रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो, की मोहरी एकदा पेरली की ती जागा तिच्यापासून मोकळी करणे कठीण. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात तर भाजीच्या वाफ्यात ती पेरायला मनाई आहे. खमिराचा दृष्टांत याहून धीट. वल्हांडण या यहुदी सणात घराबाहेर काढायची ही वस्तू. ती एक बाई तीन मापे पिठात ‘लपवते’. तीन मापे म्हणजे सुमारे ३६ ते ४० लिटर, शंभरावर माणसे जेवतील एवढे पीठ. विजयी सेनेची वाट पाहणाऱ्यांना हे कितपत रुचले असेल?

आधुनिक चर्चा सुरू झाली १८९२ मध्ये. जर्मन अभ्यासक योहान्नेस वाइस यांनी दाखवले, की येशूला अपेक्षित होता तो जगाचा नजीकचा अंत. एकोणिसाव्या शतकाला आवडणारी नैतिक प्रगती नव्हे. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी हेच १९०६ मध्ये टोकाला नेले. सी. एच. डॉड यांनी १९३५ मध्ये उलट बाजू मांडली: राज्य येशूबरोबर आलेच आहे. आज बहुतेक जण ‘आलेले, पण पूर्ण न झालेले’ असे म्हणतात. ऑस्कर कुलमान यांनी त्यासाठी दुसऱ्या महायुद्धाचा दाखला दिला: निर्णायक लढाई जिंकली, पण विजयदिन अजून पुढे आहे.

हे राज्य म्हणजेच चर्च, हे समीकरण प्राचीन धर्मपंडित ऑगस्टीनच्या काही विधानांवरून रूढ झाले. सध्याचे कॅथलिक धर्मशास्त्र चर्चला राज्याचे बीज मानते, राज्य नव्हे. जर्मनीतील म्युन्स्टर शहरात १५३४-३५ मध्ये देवाचे राज्य तलवारीने आणायचा प्रयत्न झाला आणि रक्तपातात संपला. विसाव्या शतकात अमेरिकेत वॉल्टर राउशेनबुश यांनी आणि पेरूमध्ये गुस्तावो गुतिएरेझ यांनी ते कामगार व गरिबांच्या न्यायाशी जोडले.

‘देवाचे राज्य तुमच्यामध्ये आहे’ (लूक १७:२१) या ओळीचा अर्थ टॉलस्टॉयने ‘तुमच्या अंतर्यामी’ असा घेतला. बरेच अभ्यासक ‘तुमच्या मधोमध उभे आहे’ असा घेतात. टॉलस्टॉयचा प्रभाव गांधीजींवर पडला आणि रामराज्य म्हणजे हिंदू राज्य नव्हे, देवाचे राज्य, असे त्यांनी १९२९ मध्ये लिहिले.

मराठीत ही कल्पना स्वतःच्या शब्दात मांडली ती ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी. मिशनची नोकरी सोडून १९१७ मध्ये त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ‘राज्या’ऐवजी ‘दरबार’ ही निवड मार्मिक आहे: राज्यात राजा दूर असू शकतो, दरबारात तो समोर बसलेला असतो. दोनच वर्षांनी टिळक गेले.